आकड्यांत बाई शोधताना

(पालघर परिसरातील स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कोविडची साथ आता मागे पडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आज हा विषय कशाला, असे काहीजणींना वाटेल. पण त्या काळात लस कोणाला आधी मिळाली, कोणाला उशिरा, आणि हे आपल्याला कळले कसे, याचा हिशोब आपण संघटनांनी अजून नीट मांडलेला नाही. तो मांडला नाही तर पुढच्या साथीत त्याच बाया पुन्हा रांगेच्या शेवटी उभ्या राहतील.

मी पालघर आणि बोईसर-तारापूर भागात काम करते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. एका टोकाला वसई-विरार महानगरपालिका, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे डोंगरातले पाडे. मध्ये तारापूरची औद्योगिक वसाहत, तिच्याभोवती भाड्याच्या खोल्यांमधून राहणारे परप्रांतीय कामगार, आणि किनाऱ्याला मच्छीमारांची गावे. साथीच्या दिवसांत या सगळ्यांचा मिळून रोज संध्याकाळी एक आकडा जाहीर होई.

त्या आकड्यात वसई-विरारचा वाटा मोठा. तिथली संख्या उतरली की ‘जिल्ह्यात साथ ओसरली’ असे लोक म्हणत, मग बोईसरच्या चाळीत घरटी एकजण तापाने पडलेला का असेना. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले, तेव्हा वसई-विरारचा हिशोब उरलेल्या जिल्ह्यापासून वेगळा धरला, तो याचसाठी. पण तालुक्याच्या आत, गावाच्या आत, पाड्यापर्यंत कोण पाहणार? ते आपल्यालाच पाहावे लागले.

आम्ही एक साधी वही केली. चार रकाने: तपासण्या किती, नवे रुग्ण किती, त्यांत स्त्रिया किती, कोणत्या वस्तीतल्या. माहिती आशाताई, अंगणवाडीताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावरून घ्यायची. रविवारी तपासण्या कमी होतात, त्यामुळे पुढच्या दिवसाचा आकडा खाली येतो आणि लोक हायसे वाटून घेतात. म्हणून आम्ही रोजच्या आकड्यामागे न धावता सात दिवसांची बेरीज करून आधीच्या सात दिवसांशी ताडून पाहत असू. रुग्ण कमी झाले, पण तपासण्याही निम्म्या झाल्या असतील, तर साथ उतरली असे म्हणता येत नाही. शंभर तपासण्यांत दहा बाधित निघाले की प्रमाण दहा टक्के. हा हिशोब बचत गटाचे हप्ते मोजणाऱ्या बायांना समजावून सांगायला पाच मिनिटे पुरली.

स्त्रियांच्या रकान्याने मात्र आम्हाला विचारात पाडले. तो पुष्कळदा अगदी लहान असे. बायांना आजार कमी होता, की बाया तपासणीलाच जात नव्हत्या? घरोघर विचारले तेव्हा उत्तरे मिळाली. ‘मला कोरोना निघाला तर पोरांना कोण बघणार?’ ‘चौदा दिवस खाडा झाला तर ठेकेदार दुसरी ठेवतो.’

लसीचेही तेच झाले. लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या सर्वांना ते खुले झाले, पण नोंदणी फक्त ऑनलाईन. ‘कोविन’ सुरुवातीला इंग्रजीतच होते. ग्रामीण केंद्रांवर शहरातून गाडीने आलेली माणसे लस घेऊन जात आणि शेजारच्या पाड्यातली बाई दारात उभी राहून पाहत असे. सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभा या वयोगटाला २४ मेपासून मिळाली. खासगीत कोविशिल्डचा एक डोस ७८० रुपयांना. कंत्राटी बाईची ती दोन दिवसांची मजुरी. जून २०२१ मध्ये देशभरात पुरुषांना दिलेल्या दर हजार डोसांमागे स्त्रियांचे डोस साडेआठशे ते पावणेनऊशेच्या दरम्यान होते. लस गावात, दारात येऊ लागली तशी ही दरी पुष्कळशी भरली. बाया लस नाकारत होत्या म्हणून ती पडली, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

अफवा नव्हत्या असे नाही. पाळीच्या आधी आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये, असा खोटा संदेश एप्रिलमध्ये सगळीकडे फिरला. सरकारने तो खोडून काढला, पण खुलासा मोबाईलवर आला आणि मोबाईल नवऱ्याच्या खिशात. गरोदर स्त्रियांना लस घेण्याची परवानगी २ जुलैला मिळाली, तोवर केंद्रावरून त्यांना परतच पाठवत. नंतर त्याच बाईला ‘आता ये’ म्हणताना तिने शंका घेतली तर तिला अडाणी कसे म्हणायचे? वारली पाड्यांवर पत्रक वाटून काही झाले नाही. तिथल्याच सुईणीने, आशाताईने संध्याकाळी अंगणात बसून त्यांच्या बोलीत बोलावे लागले.

शिबिरे भरवताना वेळ हाच मोठा प्रश्न ठरला. सकाळी दहा ते पाच म्हणजे नेमकी पाळीची वेळ. आम्ही गेलो त्या एका कारखान्यात यादी हजेरीपटावरून केली होती, आणि ठेकेदाराच्या बायांची नावे त्या पटावर नव्हतीच. म्हणून वस्तीतले शिबीर सुट्टीच्या दिवशी ठेवायचे, मुलांना सांभाळायला दोघीजणी बसवायच्या, दुसऱ्या दिवशी ताप येतो हे आधीच सांगायचे आणि त्या दिवसाच्या स्वयंपाकाची वाटणी शेजारणींत करायची, असे आम्ही ठरवले. १७ सप्टेंबर २०२१ रोजी मुंबई महापालिकेने केवळ स्त्रियांसाठी लसीकरणाचा दिवस ठेवला होता. असा दिवस औद्योगिक वसाहतीलाही हवा होता.

लसीच्या वहीत आम्ही एक जादा रकाना ठेवला: मोबाईल कोणाचा? ओटीपी त्याच्याकडे, प्रमाणपत्र त्याच्याकडे. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला. विरारकडे कामाला किंवा भाजी, मासळी विकायला जाणाऱ्या बाईची रोजी त्या प्रमाणपत्रावर टांगली गेली. नवरा सोडून गेलेला, नंबर त्याचा. अशा बाईने काय करायचे?

आणि दुसरा डोस. मे २०२१ पासून कोविशिल्डच्या दोन डोसांत बारा ते सोळा आठवड्यांचे अंतर ठरले. ऑगस्टमध्ये पहिला घेतला तर दुसरा नोव्हेंबरात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. त्यांना दुसरा डोस भट्टीवर जाऊनच द्यायला हवा होता, आणि त्यासाठी कोण कोणत्या भट्टीवर गेली ही यादी लागते. ती गावातल्या बायांनाच माहीत असते.

हे सारे ज्यांच्या पायांवर चालले त्या आशाताईंना वेतन नाही, मोबदला आहे. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा १५ जून २०२१ पासून आठवडाभर संपावर गेल्या, तेव्हा कुठे महिना हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पडला.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. साथीचे आणि लसीचे आकडे स्त्री-पुरुष वेगळे करून, गाव-पाड्यानुसार ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. लसीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कंत्राटी कामगारांनाही भरपगारी रजा मिळावी. नोंद मोबाईलवर अडू नये. कागदी कार्ड कुठल्याही केंद्रावर चालावे. आशांना कायम कामगाराचा दर्जा मिळावा.

पुढची साथ येईपर्यंत थांबू नका. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडीत गोवराने मुले दगावली. लसीचे डोस चुकलेली मुले त्यांत होती. आपल्या वस्तीत कोणत्या बाळाचा कोणता डोस राहिला आहे, हे या महिन्यात विचारून घ्या. वही चाळीस पानांची असली तरी पुरते.