माफीच्या यादीत कोण होते?



इंग्रजी अमलात परकीय वाणिज्यदूतांना, म्हणजे कॉन्सलना, मिळणारी जकातमाफी हा विषय भंडाऱ्याच्या व्यासपीठावर काढलेला पाहून काहींच्या भुवया उंचावतील. कॉन्सल राहणार मुंबईत, त्यांच्या पेट्या उतरणार बंदरावर. वैनगंगेकाठच्या धानकऱ्याचा त्यांच्याशी काय संबंध? माझे म्हणणे असे की, जकातीच्या दरावरून राज्याला पैशाची किती निकड आहे ते कळते, पण माफीवरून कळते ते राज्य कोणाला बरोबरीचे मानते. वसाहतकाळाचा आपला अभ्यास दरांच्या तक्त्यांभोवतीच फिरत राहिला आणि माफीच्या याद्या तशाच पडून राहिल्या.

जकातीची सूट ही राजकीय वस्तू आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. शिवाजी महाराजांनी 1671 मध्ये कुडाळच्या सुभेदाराला लिहून गोव्यातल्या बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला लावली, ती कोकणातले मीठ मार खाऊ नये म्हणून. त्याच महाराजांनी 1674 मध्ये इंग्रजांचे वकील ऑक्झेंडन यांच्याशी झालेल्या तहात इंग्रजांकडून अडीच टक्के जकात घ्यायचे ठरवले. सवलत दिली, माफी नव्हे. बंगालमध्ये उलटे घडले. मुघल बादशहा फर्रुखसियरच्या 1717 च्या फर्मानाने वर्षाला तीन हजार रुपयांच्या बदल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा माल जकातमुक्त झाला. मग कंपनीचे नोकर आपला खासगी मालही त्याच माफीच्या परवान्यांवर, म्हणजे दस्तकांवर, नेऊ लागले. 1763 मध्ये बंगालचा नवाब मीर कासिमने वैतागून सगळ्यांचीच जकात उठवली, आणि कंपनीला हाच मोठा अन्याय वाटला! इतरांनाही माफी मिळाली की आपल्या माफीची किंमत संपते, हे तिला नेमके कळले होते. पुढच्याच वर्षी बक्सारची लढाई झाली.

हीच कंपनी पुढे माफी देण्याच्या जागी बसली, तेव्हा तिने हात आखडता घेतला. अमेरिकेचे अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी 1792 मध्ये बेंजामिन जॉय यांना कलकत्त्याला कॉन्सल नेमले. कंपनीने त्यांना कॉन्सल मानलेच नाही. व्यापारी प्रतिनिधी म्हणून खुशाल राहा, पण इथल्या दिवाणी-फौजदारी कायद्याखाली, असे सांगितले. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या 1794 च्या ‘जे’ तहाने अमेरिकी जहाजांतल्या मालाला ब्रिटिश जहाजांतल्या मालाइतकाच दर मिळाला; म्हणजे व्यापाराला बरोबरी आणि प्रतिनिधीला नकार. पुढे मुंबईत अमेरिका, तुर्कस्तान, जपान यांचे वाणिज्यदूतावास आले, तरी कॉन्सल हा राजदूत नव्हे ही इंग्रजांची भूमिका कायम राहिली. त्याला जी सूट मिळे ती सौजन्याची, त्याच्या देशाने ब्रिटिश कॉन्सलशी तसेच वागावे या अटीची. 1878 च्या सागरी जकात कायद्याच्या 23 व्या कलमाने गव्हर्नर जनरलला अधिसूचना काढून कोणताही माल जकातमुक्त करण्याचा अधिकार दिला. मर्जी आता छापील झाली, एवढेच. त्यातली गंमत अशी की 1882 ते 1894 या काळात मद्य, शस्त्रे, मीठ असे मोजके जिन्नस सोडले तर आयात मालावर जकातच नव्हती. मँचेस्टरचे कापडही जकातीविना येत होते. अशा वेळी कॉन्सलच्या सवलतीला खरा अर्थ उरत होता तो मुख्यतः त्याच्या दारूच्या पेटीपुरता. मिठावर मात्र मणाला दोन रुपये, आणि 1888 पासून अडीच रुपये कर होता.

पहिला आक्षेप येईल तो भूगोलाचा: भंडाऱ्याला समुद्र नाही. आज नाही, पण 1803 च्या डिसेंबरपर्यंत भंडारा ज्या राज्यात होता त्या नागपूरकर भोसल्यांकडे कटक-बालासोरचा किनारा होता, आणि त्याच्याबरोबर ओडिशाचे मीठही. इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहाने दोन्ही गेली. त्याआधी वॉरन हेस्टिंग्जच्या काळात बेनीराम पंडित कलकत्त्यात भोसल्यांचे वकील म्हणून वावरत होते आणि त्यांचा शब्द तोलामोलाचा मानला जाई. 1818 नंतर परराज्यांशी बोलण्याचा हक्कच संपला, आणि 1854 मध्ये राज्यही खालसा झाले. ज्याला परराज्याशी बोलता येत नाही त्याला परस्पर सवलत मागता येत नाही. भंडाऱ्याला समुद्र नाही हा निसर्गाचा न्याय असेल. समुद्र काढून घेतला गेला, हा इतिहास आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॉन्सलच्या पेट्यांनी तिजोरीला कितीसे भगदाड पडणार? आणि अशी माफी आजही आहेच की! 1963 च्या वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना कराराने ती मान्य केली, 1977 मध्ये भारतही त्यात सामील झाला. रक्कम किरकोळ होती, हे मी बिनतक्रार मान्य करतो. पण व्हिएन्ना करार वाचून पाहा. मानद कॉन्सलला माफी कशावर? राजचिन्हे, झेंडे, पाट्या, शिक्के, पुस्तके, कार्यालयाचे फर्निचर. खासगी वस्तूंवर नाही. कोणाला, कशावर, कुठवर हे तिथे लिहिलेले आहे, आणि तो करार करणारे सरकार आपण निवडलेले आहे. 1892 पर्यंत कायदेमंडळातल्या हिंदी सभासदांना अंदाजपत्रकावर दरवर्षी चर्चा करण्याचाही हक्क नव्हता. चर्चा मिळाली तेव्हा मत मिळाले नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1902 मध्ये मीठकरावर घणाघाती भाषण केले. पुढच्या वर्षी मणामागे आठ आणे कमी झाले. एवढ्या अभ्यासू वक्त्याच्याही हाती होती ती विनंतीच. माफी देण्यात दोष नव्हता. ज्यांच्या करातून राज्य चालत होते त्यांना ती तपासता येत नव्हती, दोष तिथे होता.

आपल्या जिल्ह्यातच पाहा. 1880 नंतर बराच काळ समुद्रमार्गे निर्यात होणाऱ्या मालापैकी जकात उरली ती तांदळावर, मणाला तीन आणे. आपला बहुतेक तांदूळ देशातच खपत असल्याने तिचा चटका थोडाच बसला असेल. पण विसाव्या शतकाच्या आरंभी या भागातले मँगनीज युरोप-अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांकडे निघाले, तेव्हा निर्यात जकातीच्या यादीत ते नव्हते. 1896 मध्ये गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली आणि पवनी-मोहाडीचे हातमाग तिच्यातून सुटले, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. प्रत्येक माफी गोऱ्यांसाठीच होती असे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही.

म्हणून इथल्या तरुण अभ्यासकांना एक विनंती. जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचे अहवाल आपण पुष्कळ चाळले. आता जुन्या गॅझेटांतल्या जकातमाफीच्या अधिसूचना आणि आपल्या नगरपालिकांच्या नाक्यांवरची दप्तरे काढा. कोणाची गाडी न थांबता पुढे जात होती, एवढाच प्रश्न घेऊन ती वाचा आणि पुढच्या अधिवेशनात निबंध घेऊन या.