मुले आणि मल्लखांब



पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबविद्येस ऊर्जितावस्था आणली. ती विद्या आपल्या मुलांस द्यावी, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हे आपणच ठरवावे. कारण शिक्षक असताना, स्पर्धा तोंडावर आली म्हणून, साधी अढीही नीट न जमणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही फिरकी करावयास लावले. मुलाचे मनगट मोडले. हाड सांधले, परंतु तो पुन्हा आखाड्यात आला नाही.

म्हणून पालकांस विनंती, की मुलास सहाव्या-सातव्या वर्षी जरूर आणावे; मात्र प्रथम त्याने गादीवर कोलांट्या घ्याव्यात, पडावे कसे ते शिकावे. बक्षिसाचे नाव वर्षभर काढू नये. (काही पालक पहिल्याच दिवशी पदकाची चौकशी करतात!) जिम्नॅस्टिक्समध्येही हीच रीत. त्रिपुराची दीपा कर्माकर सहाव्या वर्षी शिकू लागली, तेव्हा तिचे तळपाय सपाट होते. रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात ती चौथी आली ती २०१६ साली, तेविसाव्या वर्षी.

परवा आमचा तो विद्यार्थी आपल्या सहा वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्या दारी आला. ती सध्या कोलांट्याच घेते आहे. एरंडेल लावलेल्या खांबास आम्ही तिला अद्याप हात लावू दिलेला नाही.