टीम आपली, हिशोब कोणाचा?

लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकत असाल तर आधी पाकीट सांभाळा, मग कान द्या. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहूनही टाकलाय.

आजचा विषय फुटबॉल. थांबा, लगेच स्किप करू नका, ऑफसाइडचा नियम समजावणार नाहीये. आजचा प्रश्न सोपा आहे. आपली टीम सारखी हरतेय, मॅनेजमेंटचं काय चाललंय ते कळत नाही, अशा वेळी फॅनने करायचं काय? बोंबलायचं, घरी बसायचं, की अजून काही?

आता कर्जत-खालापूरच्या माणसाने यावर का बोलावं? कारण आपण मधले लोक. इकडे मुंबई, तिकडे पुणे, मध्ये बोरघाट. २०१४ ला इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी पण होती आणि एफसी पुणे सिटी पण. खोपोलीकराला रस्त्याने बालेवाडी अंधेरीपेक्षा जवळ. एक्स्प्रेसवे संपला की आलंच. अंधेरीला जायचं म्हणजे लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, आणि येताना वेगळी कसरत. सामना साडेसात-आठचा असला की शेवटची पंधरा मिनिटं नजर बॉलवर कमी, घड्याळावर जास्त. कर्जतपर्यंत गाडी मिळेल हो, पण पुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली, तिथे कोण नेणार? म्हणून इंजिनीअरिंगला असताना आम्ही चार-पाच जण बालेवाडीला जायचो. म्हणजे एका सामन्यासाठी तिकिटापेक्षा जास्त खर्च प्रवासाचा आणि झोपेचा. फॅन काय गुंतवतो ते मोजायचं असेल तर नुसती तिकिटाची किंमत बघून चालत नाही.

आणि गुंतवलं की हिशोब आला. तुमच्या-माझ्या गावात गणपती उठले की मंडळाची मीटिंग होते. ज्याने ५१ रुपये वर्गणी दिली तो पण हात वर करून विचारतो, "लाइटवाल्याला एवढे कसे काय गेले?" त्याला कोणी म्हणत नाही की तू फक्त ५१ दिलेस, गप बस. हिशोब मागायचा हक्क त्याला आहे हे सगळ्यांना मान्य असतं. फुटबॉल क्लबात मात्र फॅनला तिकिटाची खिडकी असते, प्रश्नाची खिडकी नसते. जगभर फॅन लोक बॅनर घेऊन उभे राहतात ते बहुतेक वेळा याच खिडकीसाठी.

आता पुण्याची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या अगदी जवळ घडली.

२०१७-१८ च्या सीझनमध्ये एफसी पुणे सिटी पहिल्यांदा सेमीफायनलला गेली. मार्सेलिन्यो, एमिलियानो अल्फारो, काय जोडी होती! बालेवाडीत बेंगळुरूशी शून्य-शून्य बरोबरी, मग बेंगळुरूत सुनील छेत्रीने हॅटट्रिक ठोकली आणि विषय संपला. पुढच्या सीझनला नवा कोच आला, मोजक्या सामन्यांत गेला, आणि टीम सातव्या नंबरवर राहिली. सातवा नंबर म्हणजे काही जगबुडी नव्हे. फॅन म्हणतो, चला, पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष आलंच नाही. क्लबचे मालक वाधवान. त्यांची डीएचएफएल २०१९ मध्ये आर्थिक संकटात सापडली, क्लबलाही पैशाची चणचण होती, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लब बंद झाला. लीगमधली जागा हैदराबादला गेली. कोच फिल ब्राउन तिकडे, मार्सेलिन्यो तिकडे. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने कप सुद्धा जिंकला. मग तिथेही तेच सुरू झालं, खेळाडूंचे पगार अडकले, परदेशी खेळाडू निघून गेले. आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली, आता नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. एक जागा, तीन शहरं, अकरा वर्षं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर मायग्रेट झाला, युजर मागेच राहिले.

बरं, हे पहिल्यांदा झालं असंही नाही. मुंबईची महिंद्रा युनायटेड, देशाची चॅम्पियन टीम, २०१० ला बंद. पुणे एफसी २०१५ ला बंद. भारत एफसी तर एकच सीझन खेळली. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी, दोघांचाही कारभार २०१७ ला आटोपला. म्हणून आपल्याकडच्या फॅनची भीती वेगळी आहे. युरोपातला फॅन घाबरतो की टीम खालच्या लीगमध्ये जाईल. आपला फॅन घाबरतो की सकाळी मोबाइल उघडला तर टीमच नसेल. हरणं परवडतं हो. हरलेली टीम पुढच्या शनिवारी परत मैदानात दिसते.

आता असा फॅनगट बघू ज्याने टीम जिवंत असतानाच हिशोब मागितला. केरळ ब्लास्टर्स. सुरुवातीला सचिन तेंडुलकर सहमालक होता, त्यामुळे आपल्याकडे पण बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यांच्या फॅनगटाचं नाव मंजप्पडा, म्हणजे पिवळी फौज. तीन वेळा फायनल खेळून तीनही हरलेली टीम, तरी कोचीचं स्टेडियम भरलेलं. २०२४-२५ मध्ये १२ सामन्यांत ११ गुण झाले आणि डिसेंबरमध्ये कोच मिकाएल स्टारे यांना काढलं. लोकांना वाटलं, झालं समाधान. पण मंजप्पडाचं म्हणणं होतं की कोच बदलून आम्हाला गप्प करू नका, आमचा प्रश्न वरच्यांना आहे. गटाने तिकिटं घेणं थांबवलं, स्टेडियमबाहेर आणि आत निदर्शनं केली. एवढं करून टीमला मात्र सोडलं नाही, खेळाडूंच्या विरोधात मोहीम चालवली नाही. जानेवारी २०२५ मध्ये क्लबने जाहीर केलं की फॅनचं सल्लागार मंडळ नेमणार. सल्लागार म्हणजे मालक नव्हे, हे कबूल. पण प्रश्नाची खिडकी उघडली ना?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. आमच्या ऑफिसमधलाच एक जण म्हणतो, "अरे, पैसे मालकाचे. तो दरवर्षी तोटा सोसतोय. तू तिकीट काढलंस, नव्वद मिनिटं बघितलंस, व्यवहार संपला. हॉटेलात मिसळ आवडली नाही तर दुसऱ्या हॉटेलात जा."

मी म्हणतो, तोटा मालकाचा हे शंभर टक्के खरं. आपल्याकडे नुसत्या तिकिटांवर क्लब चालतच नाही. स्पॉन्सर, लीगकडून येणारा वाटा आणि मालकाचा खिसा, यावर गाडा चालतो. पण मिसळीची उपमा लागू पडत नाही. खोपोलीचा माणूस पुण्याचं हॉटेल बंद झालं म्हणून हैदराबादच्या हॉटेलवर जीव लावत नाही. टीमचं नाव शहराचं, रंग पोरांच्या अंगावर, गाणी स्टँडमध्ये तयार झालेली. स्पॉन्सर पैसे देतो ते या गर्दीकडे बघून. गर्दी फुकटची जाहिरात करते, मग तिला भागीदार म्हणून एक शब्द बोलू द्यायला काय हरकत?

आणि याच हिशोबातून दुसरी गोष्ट कळते. तिकिटाचा पैसा कमी महत्त्वाचा असेल तर नुसतं घरी बसून मालकाला फार चटका बसत नाही. तुम्ही आला नाहीत, एवढंच. चटका बसतो टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीत बघा काय झालं. तिथल्या लीगला टीव्ही हक्कांच्या कमाईतला वाटा एका गुंतवणूकदाराला विकायचा होता. फॅन लोकांनी मैदानात टेनिस बॉल फेकायला सुरुवात केली. आपण बॉक्स क्रिकेटला वापरतो तसलेच. सामने थांबायचे, खेळाडू बॉल वेचत बसायचे, आणि हे सगळं लाइव्ह. आठवड्यामागून आठवडे हे चाललं आणि २१ फेब्रुवारीला लीगने तो व्यवहारच सोडून दिला. तिथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे असावी लागतात, हे पण लक्षात घ्या. बॉल हातात होता, पण त्याच्यामागे मत होतं. आपल्याकडे मत नाही, म्हणून टेनिस बॉल फेकलात तर पोलीस चौकीच बघाल. तेव्हा ते सोडा.

पुण्याच्या गोष्टीला जुळी गोष्ट आहे इंग्लंडची. विम्बल्डन नावाचा क्लब. २००२ मध्ये त्याला लंडन सोडून मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली, म्हणजे साधारण ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब. फॅन खूप लढले, हरले. मग त्यांनी काय केलं? त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. सार्वजनिक मैदानावर ट्रायल घेऊन खेळाडू निवडले आणि एकदम खालच्या लीगपासून सुरुवात केली. ओपन सोर्समध्ये प्रोजेक्टचा मालक वाट्टेल ते करायला लागला की लोक फोर्क काढतात ना, तसं. २०११ मध्ये हा फॅनचा क्लब चढत चढत व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या वस्तीत, प्लाउ लेनला परतला. इंग्लंडमध्ये २०२५ साली तर कायदाच झाला. क्लबला गाव बदलायचं असेल तर स्वतंत्र नियामकाची परवानगी लागणार, आणि बिल्ल्याला किंवा रंगाला हात लावायचा असेल तर फॅनला विचारावं लागणार.

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या देशात. मग कोल्हापूरला चला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ खेळतात. टीम तालमीची, तालीम पेठेची. टीम हरली तर पदाधिकारी संध्याकाळी त्याच चौकात चहाला येतो, तिथेच त्याची झडती होते. तिथेही सगळं गोड नाही. हुल्लडबाजी होते, मारामाऱ्या होतात, त्यामुळे स्पर्धांना गालबोट लागतं. पण एक गोष्ट नक्की, पाटाकडीलला उचलून कोणी हैदराबादला नेऊ शकत नाही. अनिकेत जाधव, २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडून खेळलेला पोरगा, याच कोल्हापूरचा. पेठेच्या फुटबॉलला कमी समजू नका.

आता आपली मुंबई. सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीवाले, २०१९ मध्ये आले, ६५ टक्के हिस्सा घेतला. दोन लीग शील्ड, दोन कप. नंबर एक कारभार. पण २०२५ मध्ये लीगच अडकली. फेडरेशन आणि लीग चालवणारी रिलायन्सची कंपनी यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि नवा होत नव्हता. सप्टेंबरच्या आसपास सुरू होणारा सीझन फेब्रुवारी २०२६ पर्यंत लांबला. मधल्या काळात खेळाडूंनाच जाहीर विनंती करावी लागली की आम्हाला खेळू द्या. १४ डिसेंबरला मेस्सीला बघायला वानखेडेवर मोठाली तिकिटं काढून गर्दी झाली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी सिटी ग्रुप मुंबईतून बाहेर पडला. हिस्सा जुन्या मालकांकडे परत. जिंकणारी टीम आहे म्हणून ती पक्की आहे, असं समजायचं कारण नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. टीम हरायला लागल्यावर जागं होऊन उपयोग नाही, आणि "मॅनेजमेंट हाय हाय" एवढ्यावर भागत नाही. आमच्याकडे कोणी "ॲप चालत नाही" एवढंच लिहून पाठवलं तर तो बग तसाच पडून राहतो. कुठे, कधी, काय केल्यावर बिघडलं ते लिहिलं की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. फॅनची मागणी पण तशीच नेमकी पाहिजे. माझ्या मते तीन प्रश्न.

एक, पैसा. मालक किती वर्षांसाठी बांधील आहे, आणि खेळाडूंचे व स्टाफचे पगार वेळेवर होतात का? स्टाफ विसरू नका, किट धुणाऱ्यापासून ग्राउंड्समनपर्यंत.

दोन, खेळ. कोच कोण निवडतो, आणि तो काढला तर का काढला, हे कोण सांगणार? स्थानिक पोरांची टीम चालू आहे की कागदावर?

तीन, ओळख. नाव, रंग, बिल्ला, शहर. यातलं काहीही बदलण्याआधी फॅनला विचारणार की नाही, हे लेखी द्या.

सह्यांचं पत्र, उत्तरासाठी तारीख, आणि उत्तर आलं नाही तर कॅमेऱ्यात दिसेल असा बॅनर. त्यावर शिवी नको, हाच प्रश्न मोठ्या अक्षरात. आणि बावीस वर्षांच्या पोराने पेनल्टी चुकवली म्हणून त्याच्या इन्स्टावर जाऊन आईवरून बोलणं, याला निषेध म्हणत नाहीत. तो पोरगा पण पगाराची वाट बघणारा नोकरदारच आहे, आपल्यासारखा.

तुमच्या गावची टीम, फुटबॉल असो, कबड्डी असो की टेनिस क्रिकेट, तिचा हिशोब कोण मांडतं आणि कोण विचारतं, ते मला नक्की लिहून पाठवा. चांगले किस्से आले तर पुढच्या वेळी वाचून दाखवतो. तोवर खेळत राहा, आणि गाडी पकडताना पळू नका. भेटू!