मोडीत निघालेल्या यंत्राची दुरुस्ती



कामगार संघटनेच्या माणसाने संगणकावर बोलावे, आणि तेही मोडीत निघालेल्या फ्लॉपीवर, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु यंत्राची निगा कोण राखतो आणि त्या निगेचे मोल कोण देतो, हे विचारण्यातच माझी उमर गेली. तोच प्रश्न येथेही आहे.

फ्लॉपी आपणांपैकी पुष्कळांनी हाताळली असेल. साडेतीन इंची चौकोनी डबीत एक चकती. तिला दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात १८ खण आणि एका खणात ५१२ बाइट. सर्व मिळून १४,७४,५६० बाइट भरतात. ही झाली नेहमीची चकती. पण चकत्या नाना तऱ्हेच्या असत. म्हणून कार्यप्रणाली आणि हे यंत्र यांच्यामधला जो दुभाष्या, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्याला चकतीची मापे बाहेरून सांगण्याची सोय ठेवलेली असे. लिनक्स या कार्यप्रणालीतील फ्लॉपीचा ड्रायव्हर १९९१ पासूनचा. सांगितलेली मापे शहाणपणाची आहेत की नाहीत, हे तो पुरते तपासत नव्हता.

त्यातून काय होते ते पाहा. पट्ट्यात १८ खण, म्हणजे एकूण ९,२१६ बाइट जागा. आता कोणी ड्रायव्हरला सांगितले की, एक खण १६,३८४ बाइटांचा धर. नऊ वार कापडातून सोळा वारांचे सबंध तुकडे किती निघतील? एकही नाही. ड्रायव्हरनेही हिशेब बरोबरच केला आणि शून्य हे उत्तर लिहून ठेवले. पुढे चकती आखून देण्याची आज्ञा आली, की तो त्याच शून्याने भागायला जातो, आणि हा भागाकार कार्यप्रणालीच्या गाभ्यातच होत असल्यामुळे सबंध यंत्र कोसळू शकते. यासाठी यंत्रचालकाचे खास अधिकार लागत नाहीत. एवढेच काय, यंत्रात फ्लॉपी घातलेलीही असावी लागत नाही!

दुसरा दोष गुणाकाराचा. खण आणि बाजू यांचे आकडे अवाढव्य दिले, तर गुणाकार ठरलेल्या घरात मावत नाही. विजेचे मीटर सगळे नऊ झाल्यावर पुन्हा शून्यावर येते, तसेच काहीसे होते. मग ड्रायव्हर भलत्याच जागेतील मजकूर वाचू लागतो. २०१९ च्या जुलैत देनिस येफ्रेमोव या प्रोग्रामरने दोन्ही दोष दुरुस्त केले. दुरुस्ती किती मोठी? मोजक्या ओळींची: मापे स्वीकारण्यापूर्वीच तपासा, आणि शून्य किंवा उणे उत्तर येत असेल तर ती परत करा. फाटकावर जे थांबवता येते ते खात्यात शिरल्यावर शोधीत बसू नये, हे कोणताही जुना जॉबर सांगेल.

आता कोणी म्हणेल, फ्लॉपी गेली, ड्रायव्हरही भंगारात घाला. दिसायला हे सरळ आहे. पण आज एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवतात. क्यूएमू नावाचा जो प्रोग्राम हे काम करतो, तो त्या आभासी संगणकांना न मागता एक खोटा फ्लॉपी-ड्राइव्हही जोडून देत असे. २०१५ च्या मे महिन्यात त्याच खोट्या ड्राइव्हमध्ये व्हेनम नावाने गाजलेला दोष सापडला. आज्ञेबरोबर येणारी मापे साठवण्याची जागा भरली तरी पुढे लिहिणे थांबत नव्हते. त्या वाटेने आभासी संगणकातून निसटून मूळ यंत्रात शिरणे शक्य होते. दोष २००४ पासूनचा, म्हणजे अकरा वर्षे तसाच. कोठे कोठे तर फ्लॉपी बंद करून ठेवली तरी तो भाग आतून चालूच राही. बंद खात्यातल्या यंत्राची वीज तोडलेली नसली, म्हणजे हात कोणाचा जातो, हे येथे गिरणगावातल्या माणसाला सांगायला नको.

लिनसने, म्हणजे या प्रणालीचा जनक लिनस टॉरवल्ड्स याने, त्याच जुलैत हा ड्रायव्हर ‘अनाथ’ म्हणून नोंदवला. चालू स्थितीतले खरे ड्राइव्ह मिळणे कठीण झाले होते. एका सहकाऱ्याजवळ चाचणीपुरते होते, एवढेच. तरी आभासी यंत्रांमुळे ड्रायव्हर काढून टाकता येणार नाही, कोणी पुढे येतो का ते पाहू, असे त्याने लिहिले. मला हा प्रामाणिकपणा आवडला. आमच्याकडे वारस नसलेल्या यंत्रावर ‘देखभाल चालू’ अशी पाटी लावण्याची रीत अधिक.

आणि ही नोंदवही वाचण्यासारखी आहे. तीत प्रत्येक भागापुढे एक शेरा असतो. एका शेऱ्याचा अर्थ सरळ दिला आहे: या कामाची निगा राखण्यासाठी कोणाला तरी प्रत्यक्ष पगार मिळतो. दुसऱ्याचा अर्थ: कोणीतरी निगा राखतो, पगाराचा उल्लेख नाही. तिसऱ्याचा: माणूस आहे, पण अधूनमधून डागडुजी करण्यापलीकडे त्याला सवड नाही. त्याखाली अनाथ. पगाराची गोष्ट इतक्या उघडपणे लिहिणारी हजेरीवही मी कोणत्याही कारखान्यात पाहिली नाही.

पुढे येफ्रेमोव यांचेच नाव त्या ड्रायव्हरपुढे लागले. शेरा मात्र तिसरा आहे.