रेचेल ब्लॅकमोर : उशिरा फळलेली कारकीर्द



घोड्यांची शर्यत म्हटली की महालक्ष्मीचे, पुण्याचे किंवा हैदराबादच्या मलकपेठेतील मैदान डोळ्यांसमोर उभे राहते. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यासारख्या गावी असे मैदान नाही. परंतु शंकरपटातील बैलजोडीची धाव म्हणजे काय, हे तेथील मराठी शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. या साऱ्या धावा सपाट जमिनीवरच्या. आयर्लंडमधील माणसाचे मन मात्र याहून निराळ्या शर्यतीत गुंतलेले असते. त्या शर्यतीत घोड्याला धावता धावता उंच कुंपणे आणि खंदक ओलांडावे लागतात.

या खेळाचा उगम १७५२ साली झाला, असे परंपरेने सांगतात. कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी पैज लावली आणि बटेव्हंट गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून डोनरेलच्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, शेतांचे बांध व ओढे ओलांडीत, घोडे पिटाळले. चर्चच्या निमुळत्या मनोऱ्याला इंग्रजीत 'स्टीपल' म्हणतात. त्यावरून या शर्यतीला 'स्टीपलचेस' हे नाव पडले. येथे पडणे हा अपवाद नसून नित्याचाच भाग आहे. म्हणून या खेळातील जॉकीची योग्यता केवळ विजयांच्या आकड्यांवरून ठरत नाही. तो किती वेळा उठून पुन्हा खोगिरावर बसला, हेही पाहावे लागते.

अशा या व्यवसायात रेचेल ब्लॅकमोर यांनी जे स्थान मिळविले, ते मननीय आहे. त्यांचा जन्म १९८९ साली टिपरेरी परगण्यात झाला. वडील दूधदुभत्याचा व्यवसाय करणारे शेतकरी, आई शिक्षिका. लहानपणी तट्टावर बसण्याची आवड होती; परंतु हा चमत्कार करून दाखवील असे कोणी भाकीत करावे, असे त्या वयात काही घडले नाही. त्यांनी अश्वविज्ञानाची पदवी घेतली आणि हौशी स्वार म्हणून शर्यतीत भाग घेतला. पहिला विजय २०११ साली मिळाला. त्यानंतरची वर्षे संथ गेली. २०१५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, प्रशिक्षक जॉन हॅनलन यांच्या सल्ल्यावरून त्यांनी हा धंदा पत्करला. इतर अनेक जॉकी याहून बऱ्याच लहान वयात या धंद्यात उतरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे धाडस कळते. शिवाय १९८० च्या दशकानंतर आयर्लंडमध्ये कोणीही स्त्री उडीच्या शर्यतीत व्यावसायिक जॉकी झाली नव्हती.

दोनच वर्षांत, २०१६-१७ च्या हंगामात, त्या उमेदवार जॉकींमध्ये अव्वल ठरल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे हेन्री डी ब्रॉमहेड या प्रशिक्षकाच्या तबेल्याशी त्यांचे नाव जोडले गेले आणि हनीसकल नावाची असामान्य घोडी त्यांच्या हाती आली. ही घोडी पहिल्या सोळा शर्यतींत एकदाही हरली नाही.

२०२१ हे वर्ष त्यांचे होते. मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या महोत्सवात त्यांनी सहा शर्यती जिंकल्या. १० एप्रिल रोजी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावर ग्रँड नॅशनल ही शर्यत झाली. १८३९ पासूनची ही परंपरा. सव्वाचार मैलांहून अधिक अंतर, तीस उड्या आणि त्या वर्षी चाळीस घोडे. १९७७ पर्यंत तीत एकही स्त्री स्वार झाली नव्हती. महामारीमुळे प्रेक्षागारे रिकामी होती. त्या शांततेत मिनेला टाइम्स या घोड्यावर ब्लॅकमोर प्रथम आल्या. ही शर्यत जिंकणारी ती पहिलीच स्त्री. या क्षणी आपण स्त्री की पुरुष याची जाणीव नाही, माणूस असल्याचीही नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. आपल्या कामाची पारख काम म्हणूनच व्हावी, हा आग्रह त्यांनी पुढेही सोडला नाही.

पण त्याच वर्षाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चेल्टनहॅमच्या गोल्ड कप शर्यतीसाठी दोन घोड्यांपैकी एक निवडावयाचा होता. त्यांनी 'आ प्लू तार' निवडला आणि जिंकला दुसरा, मिनेला इंडो! जुलैमध्ये किलार्नी येथे त्या पडल्या. घोटा व कंबरेचे हाड मोडले. ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा स्वार झाल्या. २०२२ च्या मार्चमध्ये त्याच 'आ प्लू तार'वर बसून त्यांनी गोल्ड कप पंधरा घोड्यांच्या लांबीने जिंकला. हाही कोणा स्त्रीचा त्या शर्यतीतील पहिलाच विजय.

या खेळाचे मोल किती जबर असते, ते त्यानंतर दिसले. सप्टेंबर २०२२ मध्ये डी ब्रॉमहेड यांचा तेरा वर्षांचा मुलगा तट्टांच्या शर्यतीत पडून मृत्यू पावला. पुढील मार्चमध्ये हनीसकल आपल्या अखेरच्या शर्यतीत जिंकली, तेव्हा चेल्टनहॅमच्या मैदानावर अश्रू आवरणे अनेकांना जड गेले. तो विजय मिरविण्याचा नव्हता. दुःखी कुटुंबाच्या शेजारी उभे राहण्याचा होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये ब्लॅकमोर यांच्या मानेला दुखापत झाली. डिसेंबरमध्ये त्या परतल्या. मार्च २०२५ मध्ये त्यांनी चेल्टनहॅमची स्टेयर्स हर्डल जिंकली आणि त्या महोत्सवातील आपले विजय अठरांवर नेले. मेमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. अंगी बळ असताना आणि कीर्ती शिखरावर असताना लगाम खाली ठेवणे, हे एखादे उंच कुंपण ओलांडण्याइतकेच कठीण असते.

वर्गात पहिल्या बाकावर चमकणारी मुले सर्वांना दिसतात. मागच्या बाकावर संथपणे, न कंटाळता शिकणारे मूल बहुधा कोणाच्या नजरेत भरत नाही. पंचविसाव्या वर्षापर्यंत ब्लॅकमोर अशाच मागच्या बाकावर होत्या. आपल्या घरातील एखाद्या मुलाविषयी किंवा मुलीविषयी निकाल देण्याची घाई होईल, तेव्हा टिपरेरीच्या या शेतकरीकन्येची आठवण ठेवावी.