बायपास शस्त्रक्रिया : यंत्रासह की यंत्राविना?



'बायपास करावी लागेल' हे डॉक्टरांचे शब्द कानी पडताच घरातील वातावरण क्षणात पालटते. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील कुटुंबे अशा वेळी सुरत, नाशिक किंवा मुंबईची वाट धरतात. पैशांची जुळवाजुळव, सोबत कोणी जायचे, ही धावपळ चालू असतानाच एक प्रश्न उभा राहतो. शस्त्रक्रिया हृदय थांबवून करावी की धडधडत्या हृदयावर? 'यंत्राविना केलेलीच सुरक्षित,' असे एखादा आप्त छातीठोकपणे सांगतो. डॉक्टरांनी दुसरी पद्धत सुचविली असेल, तर घर संभ्रमात पडते आणि मोलाचे दिवस निघून जातात.

बायपास म्हणजे अडथळा ओलांडून रक्तासाठी नवा मार्ग जोडणे. त्यासाठी छातीच्या आतील रोहिणी किंवा पायातील नीला वापरतात. ज्या वाहिन्यांना हे टाके घालायचे, त्यांचा व्यास जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असतो. पहिल्या पद्धतीत हृदय औषधी द्रावणाने थांबवितात आणि तेवढा वेळ रक्ताभिसरण व प्राणवायूचा पुरवठा हृदय-फुप्फुस यंत्र सांभाळते. शल्यविशारदाला स्थिर हृदयावर काम करता येते. दुसऱ्या पद्धतीत हृदय चालूच असते. टाके घालावयाचा लहानसा भाग तेवढा उपकरणाने स्थिर धरला जातो.

यंत्राविना पद्धत नवी आहे, हा समज खरा नाही. अमेरिकेतील डॉ. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. पुढे १९६४ मध्ये लेनिनग्राडचे डॉ. वासिली कोलेसोव्ह यांनी यंत्राविना छातीतील रोहिणी हृदयाच्या वाहिनीस जोडली. १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील नीलेचा मार्ग रूढ केला. भारतात डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात पहिली बायपास केली. जानेवारी २००९ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची दुसरी बायपास दिल्लीच्या 'एम्स'मध्ये मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने धडधडत्या हृदयावर केली. त्या बातमीने या पद्धतीविषयीचे कुतूहल वाढले.

मग सुरक्षित कोणती? यावर मोठे अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२०३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यंत्राविना जोडलेले मार्ग वर्षभरानंतर तुलनेने अधिक प्रमाणात बंद पडलेले आढळले. पाच वर्षांनंतर यंत्राविना गटातील १५.२ टक्के, तर यंत्रासह गटातील ११.९ टक्के रुग्ण मृत्यू पावले होते. दुसरा अभ्यास १९ देशांतील ४,७५२ रुग्णांचा. त्यात भारतातील रुग्णही होते. मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आदी गंभीर घटनांचे एकत्रित प्रमाण पाच वर्षांनी दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, २३ टक्क्यांच्या आसपास होते. सुरुवातीच्या काळात यंत्राविना गटात रक्त कमी चढवावे लागले आणि मूत्रपिंडाचा व श्वसनाचा त्रासही कमी झाला; मात्र पुन्हा अडथळा दूर करण्याची वेळ थोड्या अधिक रुग्णांवर आली.

दोन अभ्यासांत असा फरक का पडावा? पहिल्या अभ्यासात यंत्राविना किमान २० शस्त्रक्रियांचा अनुभव पुरेसा मानला होता. दुसऱ्यात त्या-त्या पद्धतीच्या शंभराहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव आवश्यक होता. तज्ज्ञ या भेदाकडे आवर्जून लक्ष वेधतात. पद्धतीचे नाव रुग्णाला वाचवीत नाही; त्या पद्धतीत मुरलेला हात वाचवितो.

रुग्णाची प्रकृतीही निर्णायक ठरते. महारोहिणीच्या भिंतीत चुन्याचे थर साचले असतील, तर तिला चिमटा लावताना कण सुटून मेंदूत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी महारोहिणीला हात न लावता यंत्राविना केलेली शस्त्रक्रिया हितकर ठरू शकते. उलट वाहिन्या फार बारीक किंवा स्नायूंत खोल दडलेल्या असतील, तर स्थिर हृदयावरील टाका अधिक भरवशाचा. यंत्राविना सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच घाईने यंत्रावर न्यावी लागली, तर धोका वाढतो. म्हणून निवड आधीच विचारपूर्वक झालेली बरी.

यास्तव कुटुंबाने डॉक्टरांपुढे पद्धतीचा आग्रह धरण्याऐवजी काही प्रश्न ठेवावेत. या रुग्णासाठी हीच पद्धत का? आपण ती नियमित करता का? मूत्रपिंड, मेंदू व महारोहिणी यांची तपासणी झाली का? छातीतील रोहिणी वापरणार का? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बायपासचा समावेश आहे. रुग्णालय त्या योजनेत आहे काय, हेही निघण्यापूर्वी विचारावे.

शस्त्रक्रियेने मार्ग नवा होतो, रोग मात्र शरीरातच राहतो. घरी परतल्यावर बरे वाटू लागताच गोळ्या सोडणारा, तंबाखूला पुन्हा जवळ करणारा रुग्ण उत्तम शस्त्रक्रियाही व्यर्थ घालवितो. यंत्रासह की यंत्राविना, याचा निर्णय जाणत्या शल्यविशारदाने करावा. नियमित औषधे, साखर व रक्तदाबावर नियंत्रण आणि रोजचे चालणे, हा निर्णय मात्र घरानेच करावयाचा आहे.