बिनपैशाचे संकलन

चित्रित झालेल्या तुकड्यांतून नको ते गाळायचे आणि हवे ते योग्य क्रमाने, योग्य लांबीने एकमेकांना जोडायचे, हे चित्रपटाचे संकलन. फिल्मच्या काळात ते कात्रीने आणि चिकटपट्टीने होत असे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली प्रदर्शित केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता आणि तो त्यांनीच जुळवला. १९८९ मध्ये ‘अ‍ॅव्हिड’ने संकलन संगणकावर आणले, पण ती यंत्रणा स्टुडिओंनाच परवडे. आता खिशातला फोन कॅमेरा झाला आहे आणि संकलनाच्या मोफत प्रणाली कोणालाही डाउनलोड करता येतात. तरीही पहिलाच लघुपट करणाऱ्या अनेकांचे काम याच टप्प्यावर येऊन अडते. दोष ‘फुकटच्या’ प्रणालीला दिला जातो. बहुतेक वेळा अडचणीचे मूळ तिच्यात नसते, तिला दिलेल्या फाइलींमध्ये असते.

मोफत प्रणाली सगळ्या एका जातीच्या नसतात. काही मुक्तस्रोत असतात, म्हणजे त्यांचा कोड सर्वांना खुला असतो आणि स्वयंसेवक त्या सांभाळतात. केडेनलाइव्हचे काम २००२ मध्ये सुरू झाले, ओपनशॉटचे २००८ मध्ये. केडेनलाइव्ह आणि शॉटकट यांच्या पोटात एमएलटी नावाचे एकच इंजिन आहे. व्हिडिओ फाइली उलगडण्याचे आणि लिहिण्याचे काम या प्रणाली एफएफएमपेगवर सोपवतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प आज जगातल्या असंख्य व्हिडिओ सेवांचा पाया आहे. या प्रणालींनी तयार केलेल्या चित्रावर कोणाचा शिक्का उमटत नाही, लांबीची मर्यादा नसते आणि मुदतही संपत नाही.

दाविंची रिझॉल्व्हची गोष्ट वेगळी. मुळात ही चित्रपटांच्या रंगसंस्काराची महागडी यंत्रणा. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने ती २००९ मध्ये विकत घेतली आणि २०११ पासून तिची एक आवृत्ती मोफत दिली. मोफत आवृत्तीतले रंगसंस्कार व्यावसायिक दर्जाचे आहेत, पण चित्रातली खरखर काढणे, दिव्यांची फडफड घालवणे अशी साधने विकतच्या आवृत्तीतच मिळतात. लिनक्सवर तर मोफत रिझॉल्व्ह फोनची नेहमीची एच.२६४ फाइल उघडतही नाही. याखेरीज फोनवरची पुष्कळ अ‍ॅप नावापुरतीच मोफत असतात, चित्र पूर्ण झाले की कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारतात आणि तो काढायचे पैसे मागतात.

मोफत साधन कायम मिळेलच असेही नसते. २००० सालापासून घरोघरी वापरात असलेला विंडोज मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ नंतर देणे बंद केले. जून २०२० मध्ये भारत सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत विवाव्हिडिओ हे संकलनाचे लोकप्रिय अ‍ॅपही होते. कोड खुला असेल तर मूळ कर्ता थांबला तरी दुसरा कोणी तो पुढे नेऊ शकतो, आणि हौशी माणसाच्या दृष्टीने हा मोठाच आधार आहे.

पहिली तक्रार जवळजवळ ठरलेली असते. फोनवर सुरेख चालणारी क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा क्रमाने मांडायच्या पट्टीवर, टाकली की अडखळते. फोनमधली फाइल अतिशय दाबलेली असते, हे त्याचे कारण. २००३ मधले एच.२६४ आणि २०१३ मधले एच.२६५ ही मानके प्रत्येक चौकट (फ्रेम) पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून, बऱ्याच फोनमध्ये साधारण सेकंदाला एक, अशी पूर्ण चौकट असते. तिच्यापुढच्या चौकटींत फक्त आधीच्या-नंतरच्या चौकटींपेक्षा काय बदलले तेवढेच लिहिलेले असते. सलग पाहताना याचा त्रास होत नाही. संकलक मात्र मागे जातो, पुढे जातो, मधल्याच एका चौकटीवर थांबतो. तेव्हा ती एक चौकट दाखवण्यासाठी संगणकाला मागची पूर्ण चौकट शोधून तिथपासूनचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. शॉटकटचे कर्ते एचडी चित्रासाठी ८ जीबी आणि फोर-केसाठी १६ जीबी रॅम असावी असे सांगतात. घरातला जुना लॅपटॉप पुष्कळदा यात बसत नाही.

यावरचा उतारा म्हणजे प्रॉक्सी. प्रणाली प्रत्येक क्लिपची एक लहान, हलकी प्रत बनवते. संकलन त्या प्रतींवर होते आणि शेवटचे चित्र मूळ फाइलींवरून तयार होते. फोर-के चौकट ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांची असते. ९६० गुणिले ५४० ची प्रॉक्सी तिच्या सोळाव्या हिश्श्याची. एवढ्याने जुना संगणकही चालता होतो. केडेनलाइव्ह, शॉटकट आणि रिझॉल्व्ह तिघांतही ही सोय आहे. नवशिक्याला ती सापडत नाही, कारण ती सेटिंगमध्ये आत कुठेतरी असते. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक चौकट पूर्ण साठवणाऱ्या डीएनएक्सएचडी किंवा प्रोरेस यांसारख्या स्वरूपात फाइली बदलून घेणे. त्याला जागा फार लागते. २५ चौकटींच्या एचडी चित्राच्या एका तासाला प्रोरेस ४२२ सुमारे ५५ जीबी घेते, फोनची तेवढीच फाइल सात-आठ जीबीत मावते.

दुसरी अडचण यापेक्षा छळणारी आहे, कारण ती सुरुवातीला दिसतच नाही. एखाद्या वक्त्याचे दहा मिनिटांचे चित्रीकरण टाइमलाइनवर घेतले की पहिल्या मिनिटात ओठ आणि शब्द बरोबर जुळतात, शेवटी शेवटी मात्र शब्द एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. अनेक फोन सेकंदाला नेमक्या ३० चौकटी टिपत नाहीत. उजेड कमी झाला, फोन तापला, की चौकटी कमी-जास्त होतात. समजा, सरासरी २९.८ पडली. दहा मिनिटांत १८,००० ऐवजी १७,८८० चौकटी जमा होतील. प्रणालीने त्या ३० च्या हिशेबाने मांडल्या की चित्र ५९६ सेकंदांत संपते आणि आवाज ६०० सेकंद चालतो. चार सेकंदांचा हा फरक कट मारून बुजवणे हे निष्फळ काम आहे. एक कट जुळवला की पुढचा सरकतो. खरा उपाय संकलनाआधीच करायचा असतो. हँडब्रेक या मोफत साधनात ‘स्थिर चौकटगती’ निवडून प्रत्येक क्लिप आधी बदलून घ्यावी. केडेनलाइव्ह आणि शॉटकट आता अशी क्लिप ओळखून स्वतःहून बदलून देऊ करतात. त्या सूचनेला ‘नको’ म्हणू नये.

चौकटगतीचा आणखी एक पदर भारतातल्या विजेशी जोडलेला आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. कॅमेऱ्याचे शटर एक साठांश सेकंदावर असेल तर चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश ठेवले आणि सेकंदाला २५ चौकटी टिपल्या, तर हा दोष मुळातच टळतो. नंतर तो काढणे मोफत साधनांनी फार कठीण जाते.

प्रकल्पाची फाइल हे तिसरे दुखणे. सातबाऱ्यात जमीन नसते, जमिनीची नोंद असते. तसेच संकलनाच्या प्रकल्प-फाइलीत चित्र नसते. कोणती क्लिप डिस्कवर कुठे आहे आणि तिचा कोणता भाग कधी वापरायचा, एवढीच नोंद असते. चित्रीकरण पेन ड्राइव्हवर ठेवून काम केले, नंतर फोल्डरचे नाव बदलले किंवा क्लिपा दुसरीकडे हलवल्या, की प्रणालीला काहीच सापडत नाही. संपूर्ण काम पुसले गेले असे वाटून माणूस हाय खातो. प्रत्यक्षात काहीही पुसलेले नसते. नवी जागा दाखवली की सगळे पूर्ववत उभे राहते. केडेनलाइव्हची प्रकल्प-फाइल साधा मजकूर असल्याने तिच्यातला पत्ता मजकूर संपादकातही सुधारता येतो. रिझॉल्व्ह प्रकल्प स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते. त्यामुळे ‘माझी फाइल कुठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर फोल्डरमध्ये मिळत नाही, ती मुद्दाम एक्स्पोर्ट करून घ्यावी लागते. प्रणाली मध्येच बंद पडणे हेही मोफत साधनांच्या वाट्याला जरा जास्तच येते. आपोआप सेव्ह होण्याची सोय चालू ठेवावी, रोजची प्रत वेगळ्या नावाने जपावी आणि काम अर्धे असताना नवी आवृत्ती बसवू नये.

मराठीत लघुपट करणाऱ्याला एक अडचण अशी येते, जिचा उल्लेख इंग्रजी शिकवण्यांत कुठेच नसतो. श्रेयनामावली लिहायला घेतली की ‘चित्रपट’ची वेलांटी ‘च’च्या पुढे जाऊन बसते, ‘त्र’चे ‘त्’ आणि ‘र’ असे दोन तुकडे पडतात, ‘सूर्य’वरचा रफार खाली येतो. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात. त्यांना पडद्यावरचे योग्य रूप देणे, म्हणजे वेलांटी आधी नेणे, जोडाक्षर साधणे, रफार वर चढवणे, हे मजकूर रचणाऱ्या वेगळ्या घटकाचे काम. लॅटिन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या प्रणालीत तो घटक नसेल, तर अक्षरे एकापुढे एक नुसती मांडली जातात. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ज्या क्यूटी संचावर उभे आहेत, त्यात हे काम करणारे हार्फबझ असल्याने तिथे देवनागरी सहसा नीट उमटते. तिथेही सांभाळायच्या गोष्टी आहेत. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेघ तुटते. एकेक अक्षर टंकल्यासारखे उमटवणारा परिणाम लावला की जोडाक्षर पुरे होईपर्यंत पाय मोडलेले व्यंजन डोळ्यांत खुपते. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील, तर फॉन्ट आधीच पारखून घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि पडद्यावर सुवाच्य दिसतो.

ज्या प्रणालीत अक्षरे मोडतात, तिच्याशी झगडत बसण्याचे कारण नाही. इंकस्केप किंवा गिम्प या मोफत साधनांत देवनागरी बरोबर लिहिता येते. तिथे पारदर्शक पार्श्वभूमीवर नावे मांडून पीएनजी चित्र काढावे आणि टाइमलाइनवर वरच्या पट्टीत ठेवावे. खालून वर सरकणाऱ्या नावांसाठी १९२० ठिपके रुंद आणि हवे तेवढे उंच असे एकच चित्र करून ते हळूहळू वर न्यावे. गावातल्या ज्या माणसाने चित्रीकरणासाठी आपला वाडा मोकळा करून दिला, त्याचे नाव पडद्यावर मोडक्या अक्षरांत जाणे हा त्याचा अपमान आहे. नावे शुद्ध उमटवणे हे संकलकाचे कर्तव्यच मानले पाहिजे.

आवाजासाठी थोडक्यात सांगण्यासारखे असे: फोनचा माइक वक्त्यापासून दूर असेल तर कोणतीही प्रणाली तो आवाज जवळ आणू शकत नाही. दुसऱ्या फोनवर, वक्त्याच्या खिशात ठेवून, वेगळे ध्वनिमुद्रण करावे आणि प्रत्येक शॉटच्या आरंभी एक टाळी वाजवावी. टाळीची चौकट आणि टाळीचा आवाज जुळवला की बाकीचे जुळते. ध्वनी ४८,००० हर्ट्झवर ठेवावा. चित्रपटासाठी तेच माप रूढ आहे.

शेवटचा टप्पा एक्स्पोर्टचा. पडद्यावर पन्नास पर्याय येतात, पण इंटरनेटसाठी एमपी-४ फाइल, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज एवढे पुरते. १०८० ओळींच्या चित्राला यूट्यूब सेकंदाला ८ मेगाबिटची शिफारस करते. थोडे जास्त ठेवले तर बिघडत नाही. शेवटचे चित्र प्रॉक्सीवरून तर तयार होत नाही ना, हे इथे एकदा तपासावे. लघुपट थिएटरात दाखवायचा असेल तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत, लागते आणि तीही डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत प्रणालीने घरी बनवता येते. डीसीपीत सेकंदाला २४ चौकटींची रीत आहे, म्हणून २५ चौकटींच्या चित्राबद्दल थिएटरच्या प्रोजेक्शनिस्टला आधी विचारावे. महोत्सवाला पाठवलेल्या प्रतीखेरीज एक उच्च दर्जाची मूळ प्रत, मूळ क्लिपा, प्रकल्प-फाइल आणि वापरलेले फॉन्ट हे सगळे एका फोल्डरमध्ये, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावे.